गौताळ्याची सहल
(सिल्लोड येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



थंडीचे दिवस लागले की शाळांकडून सहलीचे अर्ज येऊ लागतात. यंदाच्या अर्जांत गौताळ्याचे नाव वारंवार आले आहे आणि सहलीचे प्रयोजन म्हणून बहुतेकांनी ‘वन्य प्राणी पाहणे’ असे लिहिले आहे. त्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. कारण हेच प्रयोजन मनात धरून मीही एकदा मुलांस तेथे नेले होते.

त्या काळी मी डोंगरपायथ्याच्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत असे. बिबट्या दिसेल, अस्वल दिसेल, असे मी मुलांस सांगून ठेवले होते. मुलांनी गाडीतूनच जो कल्लोळ मांडला, त्यापुढे कोणते जनावर थांबणार? वानरे तेवढी दिसली. परतताना तळ्याकाठी मोजणी केली तो एक मुलगा कमी. ती पंधरा मिनिटे मी अद्याप विसरलेलो नाही. मुलगा सापडला तो एका फोडलेल्या वारुळापाशी बसलेला. मी त्यास सर्वांदेखत रागावलो. वाटेत तो हळूच म्हणाला, “गुरुजी, ते वारूळ रात्री अस्वलानं उकरलं होतं. आतली माती ओलीच होती.” त्याचे वडील गुरे राखीत, हे ज्ञान त्यास घरीच मिळाले होते. साऱ्या वर्गात अस्वल ‘पाहिले’ ते त्या एकट्याने, आणि बोलणीही त्यालाच खावी लागली. मोजणी उशिरा केली हा दोष माझा होता.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे पानगळीचे रान कन्नड व चाळीसगाव या तालुक्यांत पसरले आहे. येथे बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय हे प्राणी आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये तर यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ येथील कॅमेऱ्यात टिपला गेला. परंतु तो आपल्या मुलांस दिसेल अशी आशा कोणी दाखवू नये. दिसते ते त्यांचे पाऊल. ओल्या मातीतील ठसा मुलांस निरखू द्यावा : नखे उमटली असतील तर कुत्रा किंवा तरस, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा नसतात.

झाडांचेही तसेच. अंजनाचे जोडपान हाती द्यावे आणि आपट्याच्या पानाशी ताडून पाहावयास सांगावे. आपट्याचे पान अर्धे चिरलेले, अंजनाचे देठापर्यंत. अंजनाचे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते. हा प्रयोग शाळेत परतल्यावर बादलीतही होतो, मात्र लाकूड घरचे असावे, रानातले नव्हे.

भूगोलाचा सर्वांत मोठा पाठ घाटमाथ्यावर मिळतो. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस गिरणेवाटे तापीस मिळून अरबी समुद्राकडे जातो; दक्षिणेचा गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास. आपली पूर्णा याच डोंगररांगेत उगम पावते. आपल्या शिवारातील नदीचे पाणी कोठून येते, हे मुलांनी नकाशावर बोट ठेवण्याआधी पायांनी जाणलेले बरे.

खाली पाटणादेवीकडे गेलात तर तेराव्या शतकातील शिलालेखाची गोष्ट अवश्य सांगा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख आहे. या रानालगत गणित शिकविले जात होते, हे ऐकून माझ्या वर्गातील पाढ्यांचा कंटाळा निदान आठवडाभर तरी गेला होता!

आता व्यवस्थेचे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. ध्वनिवर्धक नेऊ नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि प्रत्येक थांब्यावर, पाण्याजवळ तर दोनदा, मोजणी व्हावी. अस्वल अकस्मात समोर आले तर धोका असतो. म्हणून झुडपांत कोणास एकटे जाऊ देऊ नये. होळीनंतर सहल नकोच : ओढे आटतात आणि वाळल्या गवतास ठिणगी पुरते. गुराख्यांच्या घरची मुले वर्गात असतील तर त्यांस रांगेच्या पुढे, शिक्षकांजवळ चालवावे आणि त्यांस विचारीत जावे.

शिक्षकांनी ती वाट स्वतः आधी एकदा चालून पाहिलेली असावी. येत्या रविवारी मी पिशोरमार्गे कन्नडला जाऊन पुढे गौताळ्यास जाणार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळी सात वाजता सिल्लोडच्या बसस्थानकावर यावे. भाकरी बरोबर आणावी.