समोरच्याची बाजू



जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात अध्यक्षाने अनुदानावर बोलावं, अशी गावोगावच्या वाचनालयांतून आलेल्या तुम्हा सगळ्यांची अपेक्षा असणार. ती रास्त आहे. पण त्या विषयाला दुपारचं अख्खं सत्र दिलेलं आहे आणि तिथे बोलणारी मंडळी माझ्यापेक्षा जास्त चिडलेली आहेत. मी दुसऱ्या दुखण्याबद्दल बोलतो. निवडणुका जवळ आल्या की आपल्या वृत्तपत्र विभागात काय चालतं, त्याबद्दल.

तुम्ही ते रोज बघता. एखाद्या पक्षाकडे झुकणारं दैनिक सकाळीच गायब होतं आणि संध्याकाळी रद्दीच्या गठ्ठ्यात तळाशी सापडतं. पुढाऱ्यांच्या फोटोंना मिशा फुटतात. वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारे दोघे पेन्शनर आता दोन टोकांना बसतात. कार्यकारिणीत कुणीतरी अमुक दैनिक बंद करायचा ठराव आणतो आणि कारण देतो काटकसरीचं!

आमच्याकडे एकदा अग्रलेखाच्या समासात कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं, ‘साफ खोटं.’ दुपारी त्याखाली पेन्सिलीने, वेगळ्या हस्ताक्षरात, ‘कसं ते लिहा.’ संध्याकाळपर्यंत निळ्या पेनवाल्याने उरलेला समास आकड्यांनी भरून टाकला होता आणि पेन्सिलवाल्याने त्यातल्या दोन आकड्यांखाली रेघ मारून ‘एवढं मान्य’ असं लिहिलं होतं. ग्रंथपाल बाई संतापल्या. अंकावर लिहायचं नाही हा नियम आहे आणि बाईंचं बरोबरच होतं. पण मी तो अंक रद्दीत जाऊ दिला नाही. दोघांपैकी कुणाचंही मत बदललं असेल असं मला वाटत नाही. तरी एका दिवसात ते शिवीपासून हिशेबापर्यंत आले. राजकीय चर्चेकडून मी तरी याहून जास्त मागत नाही.

आपल्याकडे हल्ली एक रडगाणं चालतं, की पूर्वी मतभेद असले तरी मनभेद नव्हते. मला हे पटत नाही. पूर्वीची भांडणं कडाक्याची होती. फरक असेल तर तो इतकाच, की कुठे साथ द्यायची आणि कुठे नाही म्हणायचं, याचा विचार त्यातली मोठी माणसं दर वेळी नव्याने करत.

जोतीराव फुल्यांचंच बघा. १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली आणि सनातन्यांनी धुडगूस घातला. तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने फुले त्या मिरवणुकीत चालले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर सापडले. ‘केसरी’ची मंडळी काही सत्यशोधकांच्या बाजूची नव्हती. तरीही फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला आणि पुढे शिक्षा भोगून १०१ दिवसांनी दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारात सत्यशोधक पुढे होते.

आणि याच फुल्यांनी १८८५ मध्ये रानड्यांचं ग्रंथकार सभेचं निमंत्रण साफ नाकारलं. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं. त्याचा आशय असा, की जे लोक सगळ्या माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. ग्रंथांच्या जगात वावरणाऱ्या आपण सगळ्यांनी ते पत्र दर वर्षी एकदा वाचावं. फुल्यांनी संवाद तोडला असं कुणी म्हणेल. मला ते पत्रच संवादाचा उत्तम नमुना वाटतं, कारण येत का नाही याची कारणं त्यांनी निमंत्रण देणाऱ्याला कळवली. ते पत्र आपल्यालाही लागू पडतं. अमुक वस्तीतले लोक वाचनालयाकडे फिरकतच नाहीत, अशी तक्रार आपले कार्यवाह करतात. त्यांना माझा प्रश्न आहे, त्या वस्तीतलं कुणी तुमच्या कार्यकारिणीत कधी होतं का? चर्चेला या म्हणणं सोपं असतं. खुर्ची द्यायची वेळ आली की आपली दातखीळ बसते. आणि समोरच्याचं माणूसपणच जो नाकारतो, त्याच्याशी गोडीगुलाबीने बोला, असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता दुसरं उदाहरण. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी सभेतल्या बंडखोरांचे आभार मानले, तेही नावं घेऊन: कामत, आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख, सिधवा, के. टी. शाह, कुंझरू. सगळ्यांनी पक्षशिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर कामकाज नीरस झालं असतं, असं ते म्हणाले. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, हेही सांगितलं. आणि यांनी आक्षेप घेतले म्हणूनच संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली, अशी कबुली दिली. विरोधकाचा उपयोग काय, हे याहून नेमकं कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही. संविधान सभेतल्या त्या चर्चांचे खंड आपल्या अ वर्गाच्या वाचनालयांपैकी कितींकडे आहेत? हात वर करायला सांगत नाही, पंचाईत होईल.

मग आपण करायचं काय? आपल्या जुन्या शास्त्रार्थात एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी सांगायचं, आणि मगच खंडनाला हात घालायचा. वाचनालयात महिन्यातून एक बैठक याच नियमाने घ्या. समोरच्याची बाजू आधी तुम्ही सांगायची, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं तो म्हणेपर्यंत स्वतःचं तोंड उघडायचं नाही. सुरुवात दिल्लीपासून करू नका. गावचं पाणी, बाजार समिती, रस्त्यासाठी जाणारी जमीन असले विषय घ्या, जिथे दोघांनाही खड्डा कुठे आहे ते ठाऊक असतं. आरक्षण, धर्म हे नंतर आपोआप येतील. पहिल्या दोन बैठका फसतील. तिसरीला चहा ठेवा.

आणि दैनिकं बंद करू नका. पैसे कमी पडत असतील तर आपल्या आवडीचं एक आधी बंद करा.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात ‘प्रत्येक वाचनालयाने परस्परविरोधी मतांची किमान दोन दैनिके ठेवावीत’ असा ठराव मी मांडणार आहे. काहींचा त्याला विरोध आहे, हे माझ्या कानावर आलं आहे. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपली नावं कार्यवाहांकडे द्यावीत. ठरावाच्या बाजूने कुणी बोलायच्या आधी त्यांना बोलायला मिळेल.