सारथ्याविना धांवणारी गाडी

विमान म्हणजे वेग, असें मानणाऱ्या उतारूच्या वांट्याला विमानतळावर प्रथम येते ती पायपीट. विमानांचे पंख रुंद. तीं शेजारीं शेजारीं उभीं करावयाचीं म्हटलें कीं इमारत लांबतच जाते. हातीं ओझें घेतलेल्या वृद्धाची श्रोत्यांनींच कल्पना करावी.

अमेरिकेंतील टॅम्पा येथील योजकांनीं या कष्टांचा मुळापासून विचार केला. मोटारींतून उतरून विमानांत शिरेपर्यंत कोणासही ७०० फुटांहून अधिक चालावें लागूं नये, हा त्यांचा दंडक. हें बोलणें सोपें, साधणें कठीण! मध्यें मुख्य इमारत, भोंवतीं विमानांचे थांबे, आणि दोहोंना जोडणारी, रबरी चाकांवर धांवणारी, सारथी नसलेली विजेची गाडी, अशी रचना १९७१ सालीं सुरू झाली.

या गाडीची कुळकथा मौजेची आहे. वेस्टिंगहाउस कंपनीनें १९६५ सालीं पिट्सबर्गजवळ साउथ पार्क येथें ती चालवून दाखविली, ती नगरांतील रहदारीसाठीं! तेथें वर्षानुवर्षें वाद माजले आणि योजना बारगळली. विमानतळावर मात्र ती रुजली. तेथें वाट आखूड, ठरलेली, आणि आडवें येणारें कोणी नाहीं.

अटलांटा येथें १९८० सालीं अशीच गाडी भुयारांतून धांवूं लागली. धापा टाकीत येणाऱ्या म्हातारीकडे पाहून क्षणभर थांबणारा सारथी तींत नाहीं. वेळ होतांच दार मिटतें. पुढची गाडी कांहीं मिनिटांतच येते.