बंब धुपतो, पाणी तापत नाही : आधी काय पाहावं?



थंडी पडली की आपल्या नागपूरकडे पहाटे पहिली आठवण बंबाची होते. डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपुरात पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, ते तुमच्या लक्षात असेल. अशा पहाटे बंब रुसला की लेकरांची शाळा, म्हाताऱ्या माणसांची आंघोळ, सगळंच अडतं. आणि बोलणी कोणाला खावी लागतात, ते मी सांगायला नको.

मागच्या हिवाळ्यात आमचाही बंब असाच धुपायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वो, आज बंब एवढा काऊन धुपून रायला?" मी फुंकून फुंकून डोळे लाल केले, पण पाणी कोमटच. एका कारागिराला दाखवला. तो म्हणाला, आतला नळा गेला, बदलावा लागेल. आठशे रुपये देऊन नळा बदलला. आठ दिवस बरे गेले, नंतर पुन्हा तोच धूर. मग मी स्वतःच बंब थंड झाल्यावर उलटा केला. जाळीची भोकं राखेनं गच्च बुजली होती! त्या वर्षी आम्ही लाकडाऐवजी धानाच्या तुसाच्या कांड्या जाळत होतो आणि राख मात्र जुन्या सवयीनं आठवड्यातून एकदाच काढत होतो. आठशे रुपये गेले, पण एक गोष्ट कळली. बंब कारागिराकडे नेण्याआधी आपणच त्याला चार प्रश्न विचारायचे. तेही आदल्या रात्री नाही, विस्तव विझून बंब पूर्ण थंड झाल्यावर.

पहिला प्रश्न, याला खालून हवा मिळते का? बंबात मधल्या नळ्यात जाळ असतो आणि भोवती पाणी. जाळाला हवा जाळीतून, खालून येते. म्हणून राख रोज काढा, जाळीची भोकं खिळ्यानं मोकळी करा. बंब अगदी जमिनीला टेकलेला असेल तर खाली विटा ठेवून उचला. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेनं 'नीरधूर' नावाची सुधारित चूल तयार केली आहे. लाकूड, कोळसा, गोवऱ्या असं वेगवेगळं इंधन तिच्यात जळतं. चूल असो की बंब, हवा आणि जळण यांचा मेळ बसला तरच धूर कमी होतो.

दुसरा प्रश्न, जळण खरंच वाळलेलं आहे का? ओल्या लाकडाची उष्णता आधी त्याच्यातलं पाणी उडवण्यात जाते. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक आवाज आला तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर ओलं. जळताना टोकाला फेस येत असेल तर ते लाकूड पुन्हा उन्हात टाका. पऱ्हाट्या, तुराट्या लवकर पेटतात आणि लवकर विझतात. त्या पेटवणाला घ्या, वरून लाकडाच्या ढलप्या टाका.

तिसरा प्रश्न, धुराची वाट मोकळी आहे का? नळ्यात आतून काजळी बसते. ती धूर अडवते आणि उष्णताही पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. लांब काठीला काथ्या घट्ट बांधून महिन्यातून एकदा नळा वरून खाली घासा.

चौथा प्रश्न पाण्याच्या बाजूचा. जाळ चांगला आहे, धूर नाही, तरी पाणी तापायला वेळ लागतो? मग आत क्षार बसले असतील. विहिरी-बोअरच्या जड पाण्यानं नळ्यावर पांढरा थर धरतो. दहा लिटर गरम पाण्यात पाव किलो लिंबूसत्त्व विरघळवून बंबात दोन तास ठेवा, मग ओतून द्या आणि तीन-चार वेळा खळखळून धुवा. आंबटानं तांबं सुटतं, म्हणून ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका, पत्रा खाऊन टाकतं.

बंब ठीक झाला की नाही, हे पाहायचा सोपा हिशेबही सांगते. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायला 600 किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळलेल्या लाकडात साडेतीन हजारांच्या आसपास असतात. म्हणजे निम्मी उष्णता वाया गेली तरी अर्ध्या किलोत पाणी तापायला हवं. एक दिवस जळण तोलून टाका. दीड-दोन किलो लागत असेल, तर चारपैकी एक दुखणं नक्की आहे.

आता कांड्यांचं. भुसा, तूस, काडीकचरा दाबून केलेल्या बारीक कांड्यांना पेलेट म्हणतात, जाड असल्या की ब्रिकेट. जळण म्हणून त्या चांगल्या, पण त्यांचे तीन स्वभाव ओळखा. एक, पाणी लागलं की फुगून त्यांचा भुसा होतो, म्हणून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. दोन, पेलेट नळाभर भरले तर हवा कोंडते आणि नुसता धूर होतो. मूठ-दोन मुठी टाका, त्या जळल्या की पुढच्या. तीन, राख. लाकडात शंभर भागांत एखाद-दोन भाग राख, तर धानाच्या तुसात पंधरा ते वीस भाग. कधीकधी राखेचे खडे होऊन जाळीला चिकटतात. म्हणजे तुसाच्या कांड्या जाळणाऱ्या घरी राख रोज काढायलाच हवी. मी तिथंच चुकले होते.

मैत्रिणींनो, आता जिवाच्या दोन गोष्टी.

पाण्याशिवाय बंब पेटवू नका. आधी पाणी, मग जाळ. पाणी आटून बंब कोरडा तापला तर तोटीचा, सांध्याचा डाग वितळतो आणि गळती लागते. अशा तापलेल्या बंबात घाईनं थंड पाणी ओतलं तर वाफ उसळून तोंड-हात भाजतात. जाळ काढा, बंब निवू द्या, मगच पाणी. आणि पाण्याच्या तोंडाला बूच मारू नका, वाफेला वाट हवीच.

दुसरी याहून मोठी. थंडी वाजते म्हणून बंब न्हाणीघरात घेऊन दार लावायचं नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि माणूस न ओरडता कोसळतं. असं कोणी दिसलं तर आधी दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बंबाची जागा अंगणात किंवा उघड्या पडवीत, लेकरांच्या खेळण्यापासून दूर. आंघोळीला बादली आत न्यायची, बंब नाही.

हे सगळं पाहूनही गळती राहिली, पत्रा फुटला असेल, तर कारागिराकडे जरूर जा. पण बिघाड कुठं आहे ते त्याला आपण सांगायचं आणि तो काय बदलतो ते उभं राहून पाहायचं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एखादीच्या घरचा थंड बंब मधोमध ठेवा आणि सगळ्या मिळून हे चार प्रश्न विचारून पाहा. एकदा हातानं केलं की विसरत नाही.