सायकलवरचा वाटसरू आणि आमचा बंब

(ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल त्यांच्यासाठी. बोललो जवळपास तसंच उतरवलंय.)

मी बोलतोय वरवंडहून. दौंड तालुका, पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं साधारण साठ किलोमीटर. वरवंड माहीत नसेल तर चौफुला आणि पाटस तरी ऐकलं असेल. त्या दोन्हींच्या मधे आमचं गाव.

आजचा विषय आहे लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांना घरी उतरवून घेणं. रविवारी सकाळी टाइट कपडे घालून नाश्त्यापर्यंत परत येणारे नाहीत हं. सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे तंबू, पुढे पाण्याच्या बाटल्या, आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर असणारे. असे लोक आमच्या हायवेवरून जातात. मुंबई-पुण्याहून सोलापूर, हैदराबादकडे जाणारे, नाहीतर तिकडून येणारे. तिकडून येणाऱ्यांना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पुण्यात शिरायचं नसतं, म्हणून ते आमच्याच पट्ट्यात मुक्काम शोधतात. पुण्यातून निघायला ज्यांना उशीर होतो, त्यांचाही पहिला दिवस इथंच कुठंतरी मावळतो.

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी असे अकरा जण राहून गेले. पण आज सांगायचंय ते पहिल्या पाहुण्याबद्दल. कारण त्याच्या बाबतीत मी चुकलो, आणि ती चूक आपल्यापैकी कुणीही अगदी प्रेमानं करेल अशी आहे.

एप्रिल महिना. संध्याकाळी सात वाजता हायवेवरच्या चहाच्या टपरीवर एक पोरगा सायकल टेकवून बसलेला. माझ्याच वयाचा, पंचवीस-सव्वीसचा. विजयवाड्याकडचा. मुंबईतली नोकरी सोडली होती आणि सायकलनं घरी निघाला होता. मागचं चाक पंक्चर झाल्यामुळे त्याला उशीर झालेला. मला म्हणाला, "भैया, इथं कुठं मंदिर आहे का? रात्री पडायला."

आता आमच्या गावात रात्री पडायला जागा मागणं ही काही नवी गोष्ट नाही. तुकोबांच्या पालखीचा यवतनंतरचा मुक्काम वरवंडला असतो. त्या एका रात्री गावात जिकडे पाहाल तिकडे माणसं. ओसरीवर, शाळेत, ट्रकखाली, शेतात. त्यामुळे मी काही विचारच केला नाही. म्हटलं, मंदिर कशाला, घरी चल.

घरी आणला आणि मग माझ्या अंगात आलं. शेजारच्यांना बोलावलं, मित्रांना फोन केले. आईनं पुरणाचा घाट घातला. जेवायला दहा वाजले. त्यानंतर गच्चीवर गप्पा. सायकल केवढ्याची? घरचे काय म्हणतात? लग्नाचं काय? प्रत्येक नवीन माणूस आला की तेच प्रश्न पहिल्यापासून. पोरगा हसून उत्तरं देत होता. झोपायला साडेबारा झाले.

सकाळी साडेपाचला तो उठून पिशव्या बांधत होता. मी म्हटलं, असा कसा जाशील? चहा झाला, मग नाश्ता झाला, मग मी त्याला शाळेत नेला पोरांशी बोलायला. तिथून व्हिक्टोरिया तलाव दाखवला. मग आमच्या मित्रमंडळानं शाल, नारळ आणि फेटा देऊन सत्कार केला. फोटो, रील, सगळं झालं. तो निघाला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. एप्रिलमधले साडेअकरा. आणि सायकलवर एक नारळ वाढलेला.

दुपारी चारला मला फोन आला. नंबर त्याचा, आवाज दुसऱ्याचा. इंदापूरच्या एका दवाखान्यातून बोलत होते. भिगवणच्या पुढे रस्त्याच्या कडेला तो बसलेला दिसला, उलट्या होत होत्या, बोलणं तुटक झालं होतं. एका टेम्पोवाल्यानं सायकलसकट उचलून आणलं. मोबाइलमध्ये शेवटचा कॉल माझा, म्हणून मला फोन.

मी आणि वडील गेलो. ऊन लागलं होतं. सलाइन चालू होतं. मला बघून तो पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? "सॉरी भैया." का, तर आम्हाला तिथंवर यावं लागलं म्हणून. पायाशी त्याची पिशवी होती. तिच्यात नीट घडी घातलेली शाल होती आणि नारळ होता.

दोन दिवसांनी तो बरा होऊन पुढं गेला. पण येताना गाडीत आम्ही बापलेक एक शब्द बोललो नाही.

घरी आल्यावर आजीनं सगळं ऐकून घेतलं. आजी म्हणजे वडिलांची आई. आयुष्यभर पालखीला ओसरी झाडून ठेवणारी. ती म्हणाली, "तू त्याला पाहुणा केलास रे. तो वाटसरू होता."

मला तेव्हा ते टोचलं. नंतर ज्येष्ठात पालखी आली आणि मी पहिल्यांदा आजीकडे नीट बघितलं. दारात वारकरी आले की ती काय करते? बंब पेटवते. कोमट पाणी पायावर घालायला देते, तेलाची वाटी पुढं ठेवते. जेवण साधं, भाकरी आणि एखादं कालवण. यवतला त्याच वाटेवर गाव मिळून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतं, तसंच. गाव विचारलं तर विचारलं, नाहीतर तेही नाही. आग्रह एकाच गोष्टीचा, "आता पडा." आणि पहाटे तीनला कुणी उठून निघालं, तर ती अंथरुणातून फक्त "माउली" म्हणते. अडवत नाही. कारण पुढचा टप्पा किती आहे, हे तिला ठाऊक असतं. पाटस सोडलं की रोटी घाट आहे आणि मग उंडवडी गवळ्याची. ऊन चढायच्या आत जेवढं अंतर कापलं जाईल तेवढं बरं.

म्हणजे मला जे कळलं नव्हतं, ते माझ्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं.

बघा, पाहुण्याला आपण आग्रह करतो, तेव्हा तो नको म्हणू शकतो, कारण त्याचं स्वतःचं घर असतं. वाटसरू ज्याच्या छपराखाली झोपलाय, त्याला तो नको म्हणूच शकत नाही. तो हसतो, फेटा बांधून घेतो, नारळ घेतो. त्या पोरानं मला एकदाही घड्याळ दाखवलं नाही. ते बघायचं काम माझं होतं.

त्यानंतर आम्ही शिकत गेलो. वॉर्मशॉवर्स नावाचं एक जाळं आहे, १९९३ साली सुरू झालेलं. जगभरात लोक त्यावर लिहून ठेवतात की आमच्या घरी सायकलवाल्याला राहता येईल. काय देऊ शकतो तेही लिहितात. सायकलवाला आधी निरोप पाठवतो, यजमान हो किंवा नाही म्हणतो, आणि राहण्याचे पैसे घेत नाहीत. मला आवडलं ते त्याचं नाव. गरम पाण्याची आंघोळ. म्हणजे आजीचा बंबच की!

आता ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिलं. माणूस दारात आला की सगळ्यात आधी एकच प्रश्न, "सकाळी किती वाजता निघणार?" बाकी सगळं त्या उत्तरावरून ठरवायचं. पाचला निघणार असेल, तर आठला जेवण आणि नऊला दिवा बंद. गप्पा तो मारेल तेवढ्याच.

दुसरं, खाणं. सामान लादलेली सायकल दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर चालवणारा माणूस भरपूर खातो. त्याला पक्वान्न नको असतं, पोटभर हवं असतं. भात, भाकरी, डाळ, अंडी, केळी. तिखट विचारून. सकाळी बरोबर द्यायचंच असेल तर शेंगदाणे आणि गूळ. आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, गुळाला तोटा नाही. नारळ देऊ नका, एवढं ऐका माझं.

तिसरं, सायकल घराच्या आत घ्यायची. त्याचं सगळं घर त्या सायकलवर असतं. आणि चार्जिंगला एक मोकळा बोर्ड दाखवायचा.

चौथं, परदेशी पाहुणा. घर खासगी असलं तरी परदेशी माणूस मुक्कामाला आला की यजमानानं चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. त्यासाठी यजमान म्हणून आधी नोंदणी करावी लागते, पाहुण्याचे पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील लागतात. आम्ही हे माहीत नसताना एकाला हो म्हणून बसलो होतो आणि रात्री अकरापर्यंत मोबाइलवर खटपट करत होतो. तुम्ही आधीच करून ठेवा. अडलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा.

आता एका मुलीबद्दल. ती एकटी होती, कर्नाटकातून निघालेली. घरात आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "खोलीला आतून कडी आहे का?" वडिलांचा चेहरा उतरला. आमच्या घरात असं विचारायचं? आई मात्र उठली, कडी लावून दाखवली, संडास-बाथरूमचा दिवा दाखवला आणि म्हणाली, "मी शेजारच्याच खोलीत आहे." बस्स.

वडिलांना नंतर मी वेदांगी कुलकर्णीबद्दल सांगितलं. आपल्या पुण्याची. २०१८ साली, विसाव्या वर्षी तिनं सायकलवरून जगप्रदक्षिणा पुरी केली, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवसांत. त्याच प्रवासात स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकानं लुटलं होतं, डोक्याला मार बसला होता. तरी ती पुढं गेली. म्हणजे जी मुलगी एकटी रस्त्यावर आहे, ती कडी विचारते तेव्हा तुमचा अपमान करत नसते. इथवर ती कडी विचारत विचारतच पोचलेली असते. वडील काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीच्या कडीचा सैल स्क्रू त्यांनी पिळून ठेवला.

आणि एक गोष्ट आपल्या पिढीसाठी खास. पाहुणा घरात असताना त्याचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. मुलगी असेल तर अजिबात नाही. ती एकटी कुठं आहे, हे सगळ्या जगाला कशाला कळायला हवं? ती पुढच्या गावाला पोचल्यावर, तिला विचारून, मग टाका.

तुम्ही म्हणाल, कोण कुठला माणूस, आपण का करायचं एवढं? माझं सोपं उत्तर आहे. आपलेही लोक असेच कुणाच्यातरी घरी झोपलेत. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. साडेचार वर्षं, सुमारे ७१ हजार किलोमीटर. ना मोबाइल, ना नकाशाचं ॲप. वाटेत परक्या देशांतल्या लोकांनी दारं उघडली नसती, तर हे झालं असतं का?

आणि दुसरं उत्तर आमच्या रस्त्याचं. हिवाळ्यात उसाचा हंगाम असतो. रात्री हायवेला डबल ट्रॉल्या चालू असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे ना लाइट, ना रिफ्लेक्टर. अंधार पडल्यावर "पुढं दहा किलोमीटरवर लॉज आहे" असं सांगून सायकलवाल्याला वाटेला लावणं म्हणजे काय, ते आम्हा इथल्या लोकांना माहीत आहे. निदान अंधार पडल्यावर तरी नाही म्हणू नका. घरात जमत नसेल तर गोठ्याशेजारची पत्र्याची शेड चालते. तंबू त्यांच्याकडे असतो.

तो विजयवाड्याचा पोरगा गेल्या डिसेंबरमध्ये परत आला. या वेळी उलट दिशेनं, मुंबईकडे निघालेला. दोन दिवस आधी मेसेज आला. मी विचारलं, सकाळी किती वाजता? म्हणाला, साडेपाच. आला तेव्हा आजीनं बंब पेटवला होता. आंघोळ, आमटी-भात, साडेआठला पोरगा आडवा. शेजारचे डोकावले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. एक-दोघं रागावले माझ्यावर. रागावू देत.

पहाटे मला जाग आली ती फाटकाच्या आवाजानं. बाहेर येऊन बघतो तर तो निघालेला, लाल दिवा हायवेकडे जाताना दिसत होता. अंगात स्वेटर होता आणि त्यावर आमची ती शाल गुंडाळलेली. आजी पायरीवर उभी होती. म्हटलं, मला उठवायचं नाही का?

म्हणाली, "त्याला कशाला उशीर?"

तर मंडळी, या भागात एवढंच. तुमच्या गावावरून असा कुणी जात असेल तर पाणी तापवा आणि वेळ विचारा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.