मासा, माशी आणि नदी

मासे पकडण्याची विद्या आपल्याकडे परकी नाहीं. कोळ्याचें जाळें, भोयाचा गळ, ओढ्याकांठच्या पोरांची काठी नि दोरी, हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. गळाला लावावयाचें तें गांडूळ किंवा कणकेची गोळी, म्हणजे माशाचें खरेंखुरें खाद्य. परंतु इंग्लंडांतील नद्यांवर एक निराळीच पद्धति वाढीस लागली. तींत आमिष खोटें असतें. बारीकशा गळाला रेशीम, लोकर आणि पक्ष्याचें पीस बांधून एक बनावट माशी तयार करतात, आणि ती पाण्यावर इतकी अलगद उतरवितात कीं, माशानें तिला आपलें नित्याचें भक्ष्य समजावें. या विद्येला इंग्रजींत 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. आज तिच्याविषयीं बोलण्याचें कारण असें कीं, ती शिकूं जाणाऱ्याला पदार्थविज्ञान, कीटकशास्त्र आणि नदीचें जीवन या तिहींचा अभ्यास केल्यावांचून गत्यंतर नसतें. आणि हाच अभ्यास पुढें एका नदीच्या ऐन संकटांत उपयोगीं पडला.

हा अभ्यास जुना आहे. पिसांच्या माश्या कशा बांधाव्या, हें सांगणारा इंग्रजी प्रबंध १४९६ सालीं छापला गेला. १८३६ सालीं आल्फ्रेड रोनाल्ड्स यानें तर मासेमारांसाठीं कीटकशास्त्राचाच ग्रंथ लिहिला. त्यासाठीं त्यानें स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीच्या कांठीं एक झोंपडी उभारली, आणि तींत बसून माशांना दिसणार नाहीं अशा बेतानें त्यांच्या हालचाली पाहिल्या. केवळ परंपरेवर विसंबून न राहतां, मासा काय पाहतो व काय खातो हें प्रयोगानें ठरवावें, ही दृष्टि त्याच्या ग्रंथानें दृढ झाली.

यांतला पहिला धडा वजनाचा. साध्या गळाला शिशाचा तुकडा बांधलेला असतो. तो भिरकावला कीं मागोमाग दोरी जाते. पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नसतेंच. ती भिरकावूं म्हटलें तर पायांशींच पडावयाची. म्हणून येथें वजन दोरींत ठेवलेलें असतें. लवचीक काठी मागें नेऊन, दोरी हवेंत सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावयाचें, आणि मग काठी पुढें आणून एकदम रोखावयाची. काठींत सांठलेली शक्ति दोरींत उतरते, दोरीचा वेढा पुढें पुढें उलगडत जातो, आणि अखेरीस माशी पाण्यावर टेकते. नवशिक्याला जड जातें तें बळ लावणें नव्हे, तर मधलें तें क्षणभर थांबणें.

दुसरा धडा प्रकाशाचा. हवेंतून पाण्यांत शिरतांना किरण वांकतो. त्यामुळें पाण्याखालून पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सगळें जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, सुमारें ९७ अंशांच्या कोनांत सामावलेलें दिसतें. ही त्याची गोल खिडकी होय. मासा एक फूट खोल असेल तर या खिडकीचा व्यास सुमारें सव्वादोन फूट भरतो. तो जसजसा वर येईल तसतशी ती आंखूड होत जाते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा असून त्यांत नदीच्या तळाचें प्रतिबिंब पडलेलें असतें. तरंगत येणाऱ्या कीटकाचे पाय त्या आरशाला जेथें दाबतात, तेथें प्रकाशाचे ठिपके उमटतात, आणि माशाला भक्ष्याची पहिली वर्दी मिळते ती या ठिपक्यांवरून. कांठावरचा मनुष्य खिडकीच्या कडेस, दबलेला व चपटा असा दिसतो. म्हणूनच जाणता शिकारी वांकून, प्रवाहाच्या खालच्या अंगानें जवळ येतो; कारण वाहत्या पाण्यांत मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, आणि पाठीमागचें त्याला नीटसें दिसत नाहीं.

तिसरा धडा पाण्याचा. या खेळांतला मुख्य मासा ट्राऊट. तो थंड पाण्याचा रहिवासी आहे. शून्य अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो; वीस अंशांस तें प्रमाण ९.१ पर्यंत उतरतें. उलटपक्षीं, पाणी तापलें कीं माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. मिळकत घटत असतांनाच खर्च वाढावा, तशी त्याची स्थिति होते. दक्षिण इंग्लंडांतील टेस्ट व इचेन या नद्या ट्राऊटसाठीं नामांकित झाल्या, याचें कारण भूगर्भांत आहे. तेथें पावसाचें पाणी खडूच्या सच्छिद्र खडकांत मुरतें, आणि झऱ्यांवाटे बाहेर येतें तें बाराही महिने सुमारें दहा-अकरा अंशांचें, निवळ आणि क्षारांनीं संपन्न असें. अशा पाण्यांत पाणवनस्पति माजतात, आणि त्यांच्या आश्रयानें कीटक वाढतात.

त्या कीटकांपैकीं 'मे-फ्लाय'ची कथा मोठी विलक्षण आहे. तिच्या गणाचें शास्त्रीय नांव एफेमेरॉप्टेरा. त्यांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एका दिवसापुरतें'. एफेमेरा डॅनिका या जातीची अळी नदीच्या गाळांत बीळ करून बहुधा दोन वर्षें काढते. मे महिना निम्मा सरला कीं ती वर येते, पृष्ठभागावर तिची कात फुटते, आणि पंख असलेला कीटक उडून झाडावर बसतो. तेथें तो पुनः एकदां कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटकगण आज पृथ्वीवर नाहीं. या शेवटच्या अवस्थेंत त्याला अन्न घेतां येत नाहीं, कारण त्याचें तोंड निकामी झालेलें असतें. हवेंतच विवाह, पाण्यावर अंडीं, आणि लागलीच मरण!

मासा या प्रत्येक अवस्थेंत कीटकाला खातो. म्हणून प्रत्येक अवस्थेची बनावट माशी निराळी असते. फ्रेडरिक हॅलफर्ड यानें १८८६ सालच्या आपल्या ग्रंथांत तरंगत्या, कोरड्या माशीचा पुरस्कार केला. १९१० सालीं जी. ई. एम. स्क्यूज यानें उत्तर दिलें कीं, मासा आपलें बरेंचसें अन्न पाण्याखालींच घेतो, तेव्हां पृष्ठभागाखालच्या माशीला कमी लेखूं नये. या वादानें पुष्कळ शाई खर्च झाली खरी, पण त्यापायीं अनेकांनीं माशाचें पोट तपासून पाहिलें, हा लाभच म्हणावयाचा.

टेस्ट नदीवरील रक्षक विल्यम लन यानें तर याहून पुढची मजल मारली. कांहीं जातींच्या माद्या पाण्याखालीं उतरून अंडीं घालतात, व तीं दुसऱ्या कीटकांच्या अळ्या फस्त करतात, हें त्याच्या ध्यानीं आलें. त्यानें प्रवाहांत तरंगत्या फळ्या बांधून ठेविल्या. माद्यांनीं फळीच्या खालच्या अंगास अंडीं घातलीं. तळावरून सरपटणाऱ्या अळ्यांना तेथवर पोंचतां येईना. मासे हवेत तर आधीं माशी जगविली पाहिजे, हें तत्त्व त्यानें असें आचरणांत आणलें.

माणसाच्या हातून या कीटकांची फसगतहि होते. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश आडव्या दिशेनें ध्रुवित असतो, आणि त्यावरूनच त्यांना पाणी ओळखूं येतें. कोरडी डांबरी सडकहि तसाच प्रकाश परावर्तित करते. हंगेरींतील शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें कीं, मे-फ्लायचे थवे सडकेलाच ओढा समजून तिच्यावर अंडीं घालतात. तीं अंडीं अर्थातच वाळून जातात.

आतां संकटाची हकीकत. २००७ सालापासून ब्रिटनमध्यें गळ टाकणाऱ्या स्वयंसेवकांना नदीची नाडी पाहावयास शिकविण्यांत आलें. रीत साधी आहे : नदीचा तळ तीन मिनिटें पायानें ढवळावयाचा, खालच्या बाजूस जाळी धरावयाची, आणि ठरलेल्या आठ गटांतील जीव मोजावयाचे. जुलै २०१३ मध्यें केनेट नदीवर, मार्लबरो गांवाच्या खालच्या बाजूस, अशा मोजणींत पाण्यांतील कीटक आणि बारीक कोळंब्या जवळजवळ नाहींशा झाल्याचें आढळलें. चौकशी झाली तेव्हां क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा माग लागला. सुमारें पंधरा किलोमीटर लांबीच्या पात्रास त्याची बाधा झाली होती. पाणी दिसावयास पूर्वीइतकेंच निर्मळ! मेलेले मासे तरंगूं लागण्याची वाट पाहिली असती, तर हा अपराध बहुधा उजेडांत आलाच नसता.

या विद्येची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं इंग्रजांनीं ट्राऊटचीं अंडीं काश्मीरमध्यें आणि मागाहून कुलूंत आणून वाढविलीं. खेळ साधला, पण मांसाहारी परका मासा तेथील मूळच्या माशांचा प्रतिस्पर्धी बनला. शिवाय माशाला वेदना होतात कीं नाहीं, हा प्रश्न संपलेला नाहीं. मासा पकडून पुनः सोडून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली आहे; पण पाणी उबदार असतां दमलेला मासा हवेंत धरून ठेवला, तर सोडल्यानंतरहि तो मरूं शकतो. म्हणून विवेकी मनुष्य अशा दिवसांत काठी घरींच ठेवतो.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांना गळ टाकावयाचा नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. मे-फ्लायचे भाईबंद सह्याद्रीच्या ओढ्यांतहि आहेत. पावसाळा ओसरल्यावर सहलीस जाल तेव्हां वाहत्या पाण्यांतला एखादा दगड हळूच उलटून पाहा. त्याच्या खालच्या अंगास शेपटाकडे दोन किंवा तीन तंतु असलेली, चपटी, चपळ अळी दिसली, तर मुलांना ती दाखवा, आणि दगड होता तसा परत ठेवा. पुढच्या वर्षीं त्याच ओढ्यावर जाऊन पुनः पाहा. ती तेथें नसेल, तर वरच्या अंगास कोणी काय सोडलें, याची विचारपूस करण्याचा अधिकार आणि कर्तव्य, दोन्हीं आपलींच आहेत.