खाली पाहणारे डोळे
(लोणावळा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या वधुवर-परिचय मेळाव्यात पवन मावळातील एक तरुण उभा राहिला. नोकरीत स्थिर, निर्व्यसनी. परंतु उत्तरे जमिनीकडे पाहून देत होता. 'नजर चोरतो, काहीतरी लपवीत असावा,' असा निकाल पाच मिनिटांत लागला. हा तरुण आमचाच विद्यार्थी. 'डोळ्यांत पाहून बोल,' असे दरडावून आम्ही कित्येकदा त्याची हनुवटी वर उचलली होती. त्याची आज आम्हांस लाज वाटते.

त्यास स्वमग्नता आहे, हे त्याच्या तिशीत कळले. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत जिचे वर्णन केले, तीच ही जन्मजात घडण. ती लबाडी नव्हे, संस्कारांची उणीवही नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, अशा व्यक्तींस समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहावयास लावले असता मेंदूतील भावना व भय यांच्याशी निगडित भाग वाजवीहून अधिक उद्दीपित होतात. म्हणजे तो नजर चोरीत नाही. त्यास ती सोसत नाही.

वास्तविक आमच्या बालपणी मावळात वडीलधाऱ्यांपुढे डोळे वर करून बोलणे हा उद्धटपणा गणला जाई. तेव्हाचा विनय आज मुलाखतीत दोष ठरावा, हे नवल नव्हे काय?

मेळाव्यानंतर आम्ही दोघे वळवणच्या रस्त्याने चालत गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, डोळ्यांकडे पाहिले की शब्द कळेनासे होतात. खाली पाहिले की सारे नीट ऐकू येते." नाइलाज झाल्यास तो समोरच्याच्या भुवयांच्या मध्यभागी पाहतो, महत्त्वाचे बोलणे शेजारी बसून किंवा चालता चालता करतो, आणि अलीकडे आरंभीच सांगून टाकतो, "मी खाली पाहतो, पण लक्ष आपल्याकडेच आहे." या शेवटच्या उपायाने त्याचा पुष्कळ भार हलका झाला आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तथापि मनुष्याची पारख कायदा करीत नाही. ती आपणच करतो. म्हणून विनंती एवढीच की, परिचय मेळाव्यात मंचावरील प्रश्नोत्तरांची सक्ती नसावी. शेजारी बसून बोलण्याची सोय असावी. आणि शिक्षकबंधूंनो, कोणाची हनुवटी उचलू नका.

त्या विद्यार्थ्याची क्षमा आम्ही मागितली. तो खाली पाहूनच हसला. ते आम्हांस पुरेसे वाटले.