ट्रकचा मजबूत बंपर

ट्रकच्या बंपरची खरी ताकद पत्र्याच्या जाडीत नसते.
ती जोडणीत असते.

धडक बसली, की तिचा जोर बंपरपाशी थांबत नाही.
बंपर धरणाऱ्या ब्रॅकेटमधून तो थेट चॅसीवर, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर जातो.
ब्रॅकेट कच्चे असेल,
तर जाडजूड बंपरही मागे दुमडतो.

म्हणून ब्रॅकेटच्या कोपऱ्यात पोलादाची त्रिकोणी पट्टी वेल्ड करतात.
चॅसीला मात्र ब्रॅकेट बोल्टने आवळतात.
वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसीचे पोलाद तिथेच कमजोर पडू शकते.
ट्रक ओढायचा हूकही बंपरला नव्हे, चॅसीलाच हवा.
पुन्हा तेच, ताकद जोडणीत!

आडवा भाग चॅनेलचा किंवा चौकोनी पाइपचा असतो.
सपाट पत्र्यापेक्षा तो कमी वजनात जास्त भार पेलतो.
जादा वजन पुढच्या ॲक्सलवर येते.
तेव्हा नुसत्या रुबाबासाठी जाडी वाढवणे महागात पडते.

उंचीही नेमकी हवी.
बंपर फार वर असला, तर छोटी मोटार खाली शिरते.
रेडिएटरची हवा अडू नये,
दिवेही झाकले जाऊ नयेत.

वरून बसवलेले क्रॅश गार्ड मात्र नियमात बसत नाहीत.
डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या गार्डवर कारवाई करण्यास कळवले.
अशा गार्डमुळे पादचाऱ्यांना जास्त इजा होण्याचा धोका असतो.